पाण्याची प्राणवायु-मागणी : कोणती परीक्षा करवावी व दोन अहवाल कसे ताडून पाहावे

गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे नदीकांठच्या व ओढ्याकांठच्या गांवांतून एकच तक्रार वर्षानुवर्षे ऐकूं येते. पाण्याचा रंग काळ्या चहासारखा होतो, कांठावर उग्र दर्प सुटतो, मासे पोटें वर करून तरंगूं लागतात आणि गुरें पाण्यास तोंड लावीत नाहींत. पंचगंगा, कृष्णा, नीरा, भीमा व प्रवरा यांच्या खोऱ्यांत जेथें ऊंस आहे तेथें कारखाने आहेत, आणि जेथें कारखाने आहेत तेथें सांडपाण्याचा प्रश्नही आहे. त्यांत विशेष अडचण अशी कीं, पुष्कळ ठिकाणीं कारखान्याचे सभासद व नदीकांठचे तक्रारदार हे एकाच घरचे लोक असतात. म्हणून या प्रश्नाचा निकाल आरडाओरड करून लागत नाहीं. तो मोजमापानेंच लावावा लागतो.

मोजमापासाठीं शेतकरी बंधू बाटलींत पाणी भरून प्रयोगशाळेकडे पाठवितात व कांहीं दिवसांनीं एक कागद त्यांच्या हातीं येतो. त्यावर ‘सी. ओ. डी.’ या अक्षरांपुढें एक आंकडा असतो. हा आंकडा कोणत्या रीतीनें काढला, तो कशाशीं ताडावयाचा, आणि आपल्या पाण्यासाठीं हीच परीक्षा योग्य होती काय, हें कळल्यावांचून तो कागद निरुपयोगी होय. या गोष्टींचा उलगडा प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मागणी म्हणजे काय

स्वच्छ वाहत्या पाण्यांत हवेंतील प्राणवायु थोडासा विरघळलेला असतो. सुमारे २७ अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या पाण्यांत तो दर लिटरास जेमतेम ८ मिलिग्रॅम मावतो. मासे व इतर जलचर यावरच जगतात. मत्स्यसंवर्धनास योग्य अशा पाण्यांत तो निदान ४ मिलिग्रॅम असावा, असें केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची वर्गवारी सांगते. पाण्यांत साखर, मळी, चोथा, शेण असे सेंद्रिय पदार्थ पडले म्हणजे सूक्ष्म जंतू ते खातात व खातांना हा प्राणवायु वापरून टाकतात. पाण्यांतील घाण पुरती जाळावयास किती प्राणवायु लागेल, याचें माप म्हणजे प्राणवायु-मागणी. रसायनांच्या साह्यानें तें माप काढलें तर तिला रासायनिक प्राणवायु-मागणी, म्हणजेच सी. ओ. डी., म्हणतात, आणि जंतूंकडूनच तें काम करवून मोजलें तर जैव प्राणवायु-मागणी, म्हणजे बी. ओ. डी., म्हणतात.

घरगुती उदाहरणानें हें स्पष्ट होईल. १ ग्रॅम साखर पूर्ण जळावयास सुमारे १·१२ ग्रॅम प्राणवायु लागतो. चहाचा एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम साखर, २० लिटरांच्या हंड्यांत विरघळविली तर त्या पाण्याची मागणी दर लिटरास सुमारे २८० मिलिग्रॅम होते. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ यांतील सर्वसाधारण मानकांप्रमाणें नदीनाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यास सी. ओ. डी. ची मर्यादा २५० आहे. म्हणजे हंडाभर पाण्यांत एक चमचा साखर पडली तरी मर्यादा ओलांडते! मग मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या आसवनीच्या स्पेंटवॉशची गोष्ट काय सांगावी? त्याची सी. ओ. डी. लिटरास साधारणपणें ८०,००० पासून १,५०,००० मिलिग्रॅमपर्यंत असते. १ लाखाचा हिशेब धरला तर अशा एका लिटराची मागणी १२,५०० लिटर स्वच्छ पाण्यांतील सर्व प्राणवायूएवढी होते.

मुख्य परीक्षा : डायक्रोमेटची

आज सी. ओ. डी. म्हटली म्हणजे पोटॅशियम डायक्रोमेटची परीक्षा समजावयाची. भारतीय मानक ३०२५ याच्या भाग ५८ मध्यें हीच सांगितलेली आहे. नमुन्याच्या ठराविक मापांत या नारिंगी द्रव्याचें ठराविक माप व तीव्र गंधकाम्ल घालून तें मिश्रण २ तास तापवितात. ज्वलनास मदत म्हणून चांदीचा क्षार व पाण्यांतील मिठाचा उपद्रव टाळण्यासाठीं पाऱ्याचा क्षार घालतात. सेंद्रिय द्रव्य जळतांना डायक्रोमेट खर्च होतें. २ तासांनंतर जें शिल्लक राहिलें तें मोजलें कीं किती खर्च झालें तें कळतें. महसुली भाषेंत सांगावयाचें तर आरंभींची शिल्लक वजा अखेरची शिल्लक म्हणजे खर्च; यापलीकडे या परीक्षेंत गूढ असें कांहीं नाहीं. शुद्ध पाण्याचाही एक नमुना सोबत तापवितात. त्याला कोरा नमुना म्हणतात व आरंभींची शिल्लक त्यावरून धरतात.

हीच परीक्षा तीन प्रकारांनीं होते, आणि निवडीचा प्रश्न येथेंच उत्पन्न होतो.

पहिला प्रकार मोठ्या चंबूचा. यांत नमुना २० किंवा ५० मिलिलिटर घेतात. चंबूवर थंड पाण्याची नळी बसविलेली असते, तींत वाफ थिजून परत खालीं येते. शेवटीं ब्युरेटमधून लोहाचा क्षार थेंबथेंब सोडून शिल्लक डायक्रोमेट मोजतात. निळसर हिरवा रंग पालटून तांबूस झाला कीं थांबतात. या प्रकारास रसायनें फार लागतात, जागा अडते व खर्च होतो. परंतु चोथ्याचे तंतू, गाळ व मळीचे कण असलेल्या पाण्यास हाच प्रकार उत्तम, कारण ५० मिलिलिटरांत त्या कणांचा योग्य वांटा येतो.

दुसरा प्रकार बंद कुपीचा. लहान कुपींत नमुना अवघा २ किंवा २॥ मिलिलिटर घेऊन, बूच घट्ट लावून, १५० अंशांवर २ तास तापवितात व शेवटीं वरीलप्रमाणेंच ब्युरेटनें मोजतात. रसायनें थोडीं लागतात. परंतु थेंबाची किंमत वाढते. मोठ्या चंबूंत ५० मिलिलिटर नमुना घेतला असतां ब्युरेटमधील ०·१ मिलिलिटराची चूक ४ मिलिग्रॅमची होते. तीच चूक २॥ मिलिलिटरांच्या कुपींत ३२ मिलिग्रॅमची होते. तेव्हां सांडपाण्यास ही रीत चालेल, पण विहिरीच्या पाण्यास चालणार नाहीं.

तिसरा प्रकार बंद कुपी व रंगमापकाचा. येथें ब्युरेट नाहीं. तापविल्यानंतर नारिंगी रंग किती उरला किंवा हिरवा रंग किती आला, हें यंत्र प्रकाशाच्या साह्यानें सांगतें. तयार रसायन भरलेल्या कुपी बाजारांत मिळतात व त्यांचे टप्पे ठरलेले असतात : सुमारे १५० पर्यंतचा, १,५०० पर्यंतचा व १५,००० पर्यंतचा. हा प्रकार जलद आहे आणि एका दिवसांत पुष्कळ नमुने होतात. ओढ्यावर आठवड्यास एक याप्रमाणें सबंध हंगाम पाळत ठेवावयाची असल्यास हाच सोयीचा. मात्र दोन पथ्यें आहेत. पाण्याचा स्वतःचा तांबूस रंग तापविण्यांत बहुधा जळून जातो, पण कुपींत गढूळपणा राहिला तर यंत्र फसतें. आणि टप्पा चुकीचा निवडला तर आंकडा निरर्थक होतो. ४० मिलिग्रॅमचें पाणी १५,००० च्या कुपींत मोजणें म्हणजे तोळ्याचें सोनें लांकडाच्या वखारींतील कांट्यावर घालणें होय.

परमँगनेटचा आंकडा निराळा

डायक्रोमेटच्या अगोदरपासून पोटॅशियम परमँगनेटची परीक्षा चालत आलेली आहे. विहिरींत टाकावयाची जांभळी पूड ती हीच. तिची एक रीत २७ अंशांवर ४ तासांची आहे व दुसरी उकळत्या पाण्याच्या उष्णतेवरची आहे. परमँगनेट हें डायक्रोमेटच्या मानानें सौम्य असल्यामुळें घाणीचा कांहीं भागच जाळतें व त्याचा आंकडा बहुतेक नेहमींच लहान येतो. स्वच्छ पाण्यास ही परीक्षा आजही उपयोगी आहे व आंतरराष्ट्रीय मानकांत तिला स्वतंत्र क्रमांक, ८४६७, दिलेला आहे. डायक्रोमेटच्या मोठ्या चंबूच्या रीतीस ६०६० व बंद कुपीच्या रीतीस १५७०५ हे क्रमांक आहेत. परंतु परमँगनेटचा आंकडा २५० च्या मर्यादेशीं ताडणें सर्वथा चूक होय. एकाची जमीन एकरांत व दुसऱ्याची हेक्टरांत लिहून कोणाची जास्त असें विचारण्यासारखेंच तें आहे. त्यांतही एकराचा हेक्टर करावयास कोष्टक आहे. परमँगनेटच्या आंकड्याचा डायक्रोमेटचा आंकडा करावयास मात्र सर्व पाण्यांस लागू पडेल असें कोष्टक नाहीं.

आम्ही महसूल खात्यांत लेखणी चालवीत असतां एक प्रकरण पाहिलें, तें येथें सांगण्यासारखें आहे. एका ओढ्याच्या पाण्यानें भाजीपाल्याचें नुकसान झाल्याचा अर्ज आला. अर्जदारांचा अहवाल डायक्रोमेटचा होता व आंकडा चारशेंवर होता. दुसऱ्या पक्षानें त्याच ओढ्याचा अहवाल दाखल केला, त्यांत आंकडा शंभराच्या आंत होता. परीक्षेचें नांव त्या कागदाच्या तळाशीं बारीक अक्षरांत छापलेलें होतें, आणि ती परमँगनेटची होती. तें कोणी वाचलें नाहीं. ‘अहवाल परस्परविरोधी’ असा शेरा पडला, फाईल बाजूस राहिली आणि त्या लोकांचा एक हंगाम फुकट गेला. वास्तविक दोन्ही अहवाल खरे होते. ते एकमेकांशीं ताडण्याजोगे मात्र नव्हते. पुढील सालीं अर्जदारांनीं कारखान्याच्या नाल्याच्या वरच्या अंगास व खालच्या अंगास एकाच दिवशीं नमुने घेऊन एकाच प्रयोगशाळेंत एकाच रीतीनें तपासून घेतले, तेव्हां जागेवर पाहणी होऊन पंचनामा झाला.

बी. ओ. डी. केव्हां करवावी

सी. ओ. डी. चा निकाल दोनतीन तासांत येतो, बी. ओ. डी. स दिवस लागतात. विलायतेंत ती ५ दिवस २० अंशांवर करीत. आपल्याकडील उष्ण हवेस अनुसरून भारतीय मानक ३०२५ याच्या भाग ४४ मध्यें ३ दिवस २७ अंशांवर ठरविली आहे. अहवालावर यांपैकीं कोणती लिहिली आहे तें प्रथम पाहावें. साखर कारखान्यांसाठीं २०१६ सालीं सुधारलेल्या मानकांत नदींत सोडावयाच्या पाण्याची बी. ओ. डी. ३० व जमिनीवर सोडावयाच्या पाण्याची १०० या मर्यादेंत असली पाहिजे असें आहे.

मग दोन परीक्षा कशासाठीं? रसायन बहुतेक सर्व कांहीं जाळतें, जंतू मात्र जें पचेल तेंच खातात. ताज्या साखरेच्या पाण्यांत बी. ओ. डी. ही सी. ओ. डी. च्या निम्म्याहून अधिक असते, कारण साखर जंतूंना फार आवडते. स्पेंटवॉशमधील तपकिरी रंगद्रव्य जंतूंना सहसा पचत नाहीं. म्हणून जंतूंकडून शुद्ध करविलेल्या स्पेंटवॉशची बी. ओ. डी. पुष्कळ उतरते, पण सी. ओ. डी. त्या मानानें कमी उतरते व रंग बहुतेक कायम राहतो. तेव्हां नुसत्या बी. ओ. डी. च्या लहान आंकड्यावर समाधान मानूं नये, व नुसत्या सी. ओ. डी. च्या मोठ्या आंकड्यावरून नदींतील सर्व प्राणवायु आजच संपेल असेंही म्हणूं नये. दोन्ही आंकडे शेजारीं ठेवले म्हणजे पाणी ताज्या साखरेचें कीं मुरलेल्या मळीचें, याचा बराच अंदाज येतो.

खाऱ्या विहिरींचा धोका

बारमाही पाण्याखालीं ज्या जमिनी खारवट व चोपण झाल्या आहेत, तेथील विहिरींच्या पाण्यांत मीठ बरेंच असतें. मिठांतील क्लोराइड हें घाण नसतांही डायक्रोमेट खर्च करतें : १ मिलिग्रॅम क्लोराइडास सुमारे ०·२३ मिलिग्रॅम प्राणवायूचा खर्च पडतो. समजा, विहिरीच्या पाण्यांत क्लोराइड ८०० आहे. पाऱ्याचा क्षार घातला नाहीं किंवा कमी घातला, तर तेवढ्यामुळेंच आंकडा १८० पर्यंत फुगूं शकेल व विहीर कारखान्यानें बिघडविली असा नाहक ग्रह होईल. यासाठीं खाऱ्या मुलुखांतील बंधूंनीं सी. ओ. डी. बरोबर क्लोराइडही मोजून घ्यावें. पाऱ्यावांचूनच्या कुपी अलीकडे निघाल्या आहेत, त्या आरोग्यास बऱ्या. पण खाऱ्या पाण्यास त्या वापरूं नयेत. क्लोराइड २,००० च्या वर असल्यास नेहमींच्या रीतीवर विसंबूं नये, तशी सूचना प्रयोगशाळेस अगोदर द्यावी.

नमुना कसा घ्यावा

परीक्षा कितीही चांगली असली तरी नमुना वाईट असेल तर सर्व श्रम व्यर्थ होत. आमच्या मतें पुढील गोष्टी अवश्य पाळाव्या.

१. प्रयोगशाळेकडून स्वच्छ बाटल्या मागवाव्या. सरबताची, तेलाची अगर औषधाची बाटली कधींही वापरूं नये; तळाशीं चिकटलेली साखरच आंकडा बिघडवील.

२. सी. ओ. डी. च्या नमुन्यांत गंधकाम्ल घालून तो थंड ठेवल्यास २८ दिवसांपर्यंत टिकतो. आम्ल घातलेलीच बाटली मागवावी. शेतावर स्वतः आम्ल हाताळूं नये. बी. ओ. डी. साठीं आम्लाविना दुसरी बाटली भरावी, ती बर्फांत ठेवून त्याच दिवशीं पोंचवावी.

३. नाल्याच्या मिळणीच्या वर एक, मिळणीवर एक व खालीं पाणी चांगलें मिसळल्यावर एक, असे तीन नमुने एकाच वेळीं घ्यावे. विहिरीच्या बाबतींत नाल्याजवळची एक व दूरची एक घ्यावी, आणि गळितापूर्वीं एकदां व गळितांत एकदां घ्यावें.

४. तारीख, वेळ, जागा, पाण्याचा रंग व दर्प आणि हजर असलेल्यांच्या सह्या असा कागद जागेवरच करावा.

येथें कायद्याची एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जलप्रदूषण कायदा, १९७४ याच्या कलम २१ मध्यें मंडळाच्या अधिकाऱ्यांनीं सांडपाण्याचा नमुना कसा घ्यावा, नोटीस कशी द्यावी, मोहोर व सह्या कशा कराव्या हें सांगितलें आहे, व ती रीत पाळली नसेल तर तो अहवाल कोर्टांत पुरावा म्हणून चालत नाहीं. शेतकऱ्यानें स्वतः भरलेली बाटली ही त्या नमुन्याची जागा घेऊं शकत नाहीं. परंतु मंडळास वेळेवर जागेवर आणण्याचें काम ती उत्तम करते.

दोन अहवाल ताडतांना

हातांत दोन निरनिराळे आंकडे आले म्हणजे लगेच कोणी लबाडी केली असें मानूं नये. क्रमानें पुढील प्रश्न विचारावे. दोन्ही परीक्षा डायक्रोमेटच्याच आहेत काय? नमुने एकाच जागेचे व एकाच दिवसाचे आहेत काय? एकानें गाळ ढवळून व दुसऱ्यानें गाळून तर परीक्षा केली नाहीं ना? नमुना किती पट पातळ केला होता? स्पेंटवॉश २०० पट पातळ करून मोजला तर १० मिलिग्रॅमचा फरकही हिशेबांत २,००० होऊन बसतो. म्हणून ९८,००० व १,००,००० हे आंकडे वेगळे समजूं नयेत, आणि विहिरीच्या पाण्यांत १२ व १८ यांवर भांडण करूं नये. परंतु त्याच विहिरीचा आंकडा १५ वरून १२० वर गेला तर तो फरक परीक्षेचा नव्हे, पाण्याचा होय.

प्रयोगशाळेची पारख करण्याचा एक सोपा मार्ग आहे. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट नांवाचें द्रव्य ४२५ मिलिग्रॅम घेऊन १ लिटर शुद्ध पाण्यांत विरघळविलें तर त्याची सी. ओ. डी. बरोबर ५०० येते. नमुन्यांबरोबर हा ज्ञात नमुना तपासला होता काय व उत्तर किती आलें, हें निःसंकोच विचारावें. चांगली प्रयोगशाळा हा प्रश्न ऐकून रागावत नाहीं. गांवच्या सहकारी संस्थेनें अशी बाटली दुसऱ्या तज्ज्ञाकडून तयार करवून, तिला साधा क्रमांक देऊन आपल्या नमुन्यांत मिसळून पाठविली तर उत्तमच. प्रयोगशाळेस एन. ए. बी. एल. ची मान्यता असल्यास ती याच परीक्षेपुरती आहे किंवा कसें, तेंही पाहून घ्यावें.

हा आंकडा काय सांगत नाहीं

सी. ओ. डी. वरून पाणी पिण्यास योग्य आहे किंवा नाहीं तें ठरत नाहीं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकांत (१०५००, सन २०१२) सी. ओ. डी. ची मर्यादाच दिलेली नाहीं. तेथें जंतू, नायट्रेट, फ्लोराइड वगैरेंची परीक्षा हवी. सी. ओ. डी. वरून पाणी पिकास मानवेल काय तेंही कळत नाहीं. त्यासाठीं क्षारता व सोडियमचें प्रमाण पाहावें लागतें. कांहीं विषारी द्रव्यें इतक्या अल्प प्रमाणांत घातक असतात कीं त्यांनीं हा आंकडा हालतही नाहीं. घाणीचा भार किती व तो कोठून आला, एवढेंच विचारावयाचें असेल तेव्हां मात्र या परीक्षेसारखी जलद परीक्षा दुसरी नाहीं.

एक इशारा येथें देणें जरूर आहे. वापरलेल्या कुपींत पारा, चांदी, क्रोमियम व तीव्र आम्ल असतें. शाळेनें किंवा संस्थेनें कुपी आणून परीक्षा सुरू केल्यास त्या कुपी उकिरड्यावर अगर गटारांत टाकूं नयेत. घातक कचरा घेणाऱ्यांकडेच त्या परत द्याव्या. पाणी तपासण्याच्या नांवाखालीं पाण्यांतच पारा सोडणें यासारखा अनर्थ दुसरा नाहीं.

सारांश, हंगामभर पाळत ठेवावयास रंगमापकाची कुपी. गाळकट पाण्यास व वादाच्या प्रसंगीं मोठा चंबू. स्वच्छ विहिरीस सौम्य द्रावणाची डायक्रोमेट किंवा परमँगनेट, पण जी एकदां धरली तीच शेवटपर्यंत. आणि नदीची खरी स्थिति जाणावयास जोडीला बी. ओ. डी. येत्या गळितापूर्वीं प्रत्येक नदीकांठच्या गांवानें निदान दोन विहिरींचे व ओढ्याच्या एका जागेचे नमुने तपासून ते अहवाल ग्रामपंचायतीच्या दप्तरीं तारीखवार लावून ठेवावे. पाणी बिघडल्यावर ‘पूर्वीं तें कसें होतें?’ हा प्रश्न पहिल्यानें विचारला जातो, आणि त्याचें उत्तर पाणी बिघडण्यापूर्वींच लिहून ठेवावें लागतें.